लकडी पुलावरचं इंग्रजी

प्रिय मुली,

परवा इंटरव्ह्यूहून आलीस ती जिन्यातच बसलीस. "काकू, सगळं येत होतं, पण तोंडच उघडलं नाही." मग अर्धा तास तेच सगळं तू मला मराठीत सांगितलंस. गावचं कॉलेज, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, घरच्या दुधाचा हिशेब तू मोबाईलवर कसा बसवून दिलास ते. एकही वाक्य अडलं नाही. बोलायला तुझ्याकडे भरपूर आहे आणि ते मराठीत आहे, म्हणून सुरुवात मराठीपासूनच करू.

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जाडजूड व्याकरण आणि रोज वीस शब्द पाठ करायची वही तूर्तास बाजूला ठेव. मराठीतून इंग्रजीत जाताना आपण सगळेच ठरावीक चार-पाच जागी घसरतो. त्या जागा माहीत झाल्या की सराव नेमका कशाचा करायचा ते कळतं.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे 'मला'. मराठीत भूक मला लागते, थंडी मला वाजते, राग मला येतो, झोप मला येते. इंग्रजीत मात्र ते सगळं मी स्वतःच असते: आय ॲम हंग्री, आय ॲम कोल्ड, आय ॲम अँग्री, आय ॲम स्लीपी. 'मला दोन भाऊ आहेत' याचं आय हॅव टू ब्रदर्स होतं. तिथे आपण हमखास 'हॅविंग' घुसडतो. 'मला माहीत आहे' म्हणजे साधं आय नो. दिवसभरात तोंडून 'मला' निघेल तेव्हा क्षणभर थांब आणि त्याचं इंग्रजी मनात कर. मेसमध्ये, अभ्यासिकेत, बसच्या रांगेत, कितीतरी वेळा सराव होईल आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

दुसरी जागा 'पासून'. सोमवारपासून ताप आणि दोन वर्षांपासून पुण्यात, दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती काळ झाला ते सांगायचं तर फॉर. शिवाय 'मी राहते' एवढ्यावर भागत नाही: आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स. हे वाक्य तुझंच आहे, तेव्हा ते जिभेवर बसेपर्यंत मोठ्याने म्हण. तसंच 'मी कालच आले आहे' हे आपल्याला खटकत नाही, पण इंग्रजीत यस्टर्डे आला की हॅव जातो: आय केम यस्टर्डे.

अ की ॲन हे अक्षर पाहून ठरवू नकोस, कानाने ठरव. अ फर्ग्युसन स्टुडंट, पण ॲन एफसी स्टुडंट, कारण 'एफ' म्हणताना सुरुवातीला 'ए' येतो. उच्चारांचं म्हणशील तर व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकव, डब्ल्यूला ओठ गोल कर आणि दात लांब ठेव. आरशासमोर 'व्हेरी वेल' म्हणून पाहा. झेडची भीती नको. 'जन्म' आणि 'जग' यांतले दोन ज तू लहानपणापासून वेगळे म्हणतेस, 'जग'मधला ज झेडच्या जवळचाच आहे.

आता अदब. 'एक चहा द्या' यात मान त्या 'द्या'मध्येच आहे. 'गिव्ह मी वन टी' म्हटलं की तो मान गळून पडतो आणि नुसता हुकूम उरतो. म्हणून कुड आय हॅव अ कप ऑफ टी, प्लीज. इंटरव्ह्यूत प्रश्न कळला नाही तर 'व्हॉट?' म्हणायचं नाही. सॉरी, कुड यू से दॅट अगेन? याने मार्क जात नाहीत, उलट श्वास घ्यायला वेळ मिळतो.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तेव्हा मी भोसरीत एका कारखान्यात तपासणी विभागात होते. बाहेरच्या देशातून एक इंजिनिअर आला होता. आमच्या एका पार्टचं भोक मापापेक्षा मोठं येत होतं आणि का ते कोणाला कळत नव्हतं. मला कळलं होतं. सकाळपासून मायक्रोमीटर घेऊन मीच बसले होते. कूलंटचा, म्हणजे कापताना हत्यार थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, नोझल सरकला होता. मीटिंगमध्ये मी मनातल्या मनात वाक्य जुळवत राहिले, काळ बरोबर आहे ना ते तपासत राहिले, तोवर विषय पुढे गेला. त्या आठवड्याचा सगळा माल रिजेक्ट झाला. द नोझल हॅज मूव्ह्ड. एवढे चार शब्द पुरले असते. 'द' राहिला असता तरी पुरले असते. परवा तुला जिन्यात बघून मला तोच दिवस आठवला.

इंग्रजी आपल्यासारख्यांची नाहीच, असंही तू म्हणालीस. ते मला मान्य नाही. भिडे वाडा उभा होता ती जागा आपल्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे १८४८ साली मुलींची शाळा निघाली. त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाईंनी १८५४ साली छापलेल्या कवितांत, ज्यांना शिक्षणाची दारं बंद होती त्यांनाच इंग्रजी शिका म्हणून सांगितलं आहे.

शब्द सुटे शिकू नकोस, जोडीने शीक. मराठीत चूक करतात आणि निर्णय घेतात. इंग्रजीत मेक अ मिस्टेक, पण टेक किंवा मेक अ डिसिजन. रात्री झोपताना फोनवर दोन मिनिटं आजचा दिवस इंग्रजीत रेकॉर्ड कर. ऐक, आणि एकच चूक निवड. दुसऱ्या दिवशी तेवढीच सुधार. बाकीच्या असू देत.

आणि रविवारी संध्याकाळी सहाला रूममेटला घेऊन अलका चौकात ये. लकडी पूल चालत ओलांडायचा आणि डेक्कनचं टोक येईपर्यंत मराठी बोलायचं नाही. अडलीस तर हातवारे कर, वाक्य अर्धं सोड, पण थांबू नकोस. सुरुवात घरच्या दुधाच्या हिशेबापासून कर, मला तो इंग्रजीत ऐकायचा आहे.

तुझी,
काकू