किनाऱ्यावर येणारा मोठा रिसॉर्ट लहानशा गावाच्या विरोधाने खरोखर थांबतो का?

आपण विचारले आहे की सरकारचा पाठिंबा आणि रोजगाराचे आश्वासन घेऊन आलेला मोठा रिसॉर्ट प्रकल्प कोकणातल्या एखाद्या लहान गावाला अडवता येईल का, आणि असे कुठे घडले आहे का. घडले आहे. मेक्सिकोतील काबो पुल्मो या गावाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

काबो पुल्मो हे बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या टोकाजवळचे, जेमतेम शंभरेक वस्तीचे गाव आहे. किनाऱ्यालगतच प्रवाळाची मोठी रांग आहे. गावातली कुटुंबे पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारत आणि नंतर मासेमारी करत. १९८०च्या दशकात मासळी इतकी घटली की होड्या दूर न्याव्या लागू लागल्या. जवळच्या ला पाझ शहरातील विद्यापीठाच्या संशोधकांशी बोलून गावाने स्वतःच संरक्षित क्षेत्राची मागणी केली आणि १९९५ मध्ये तेथे सुमारे ७१ चौरस किलोमीटरचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. कायद्याने मासेमारीस पूर्ण बंदी त्यातल्या एका भागातच होती. उरलेल्या भागात गावकऱ्यांनी आपणहून मासेमारी सोडली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले तेव्हा आपल्याकडच्या मच्छीमारांना ते वरून लादलेले वाटले, ही तुलना येथे टाळता येत नाही.

प्रवाळाजवळच्या माशांचे एकूण वजन १९९९ ते २००९ या दहा वर्षांत चारशे साठ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. गोबरे परतले, मुशी परतल्या, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासे मारले जात होते ते लोक पर्यटकांना डायव्हिंगला नेऊन पोट भरू लागले. पुढच्या लढ्यात ही आकडेवारी आणि ही चालती उपजीविका सर्वाधिक उपयोगी पडली, असे माझे ठाम मत आहे.

कारण २००८ मध्ये उद्यानाच्या उत्तरेस लागून असलेल्या जमिनीवर ‘काबो कोर्तेस’ या प्रकल्पास सशर्त मंजुरी मिळाली होती. हान्सा उर्बाना ही स्पॅनिश कंपनी तेथे तीस हजारांच्या घरात खोल्या, दोन गोल्फ मैदाने आणि चारशे नव्वद बोटींचा धक्का बांधणार होती. शंभर माणसांच्या गावाशेजारी एक अख्खे शहर, तेही कमी पावसाच्या प्रदेशात. जवळच्या ला रिबेरा गावातील अनेकांना मात्र रोजगार हवा होता, आणि त्यांची गरज खोटी नव्हती. विरोध करणाऱ्यांना याच शेजाऱ्यांशी बोलत राहावे लागले.

विरोधकांनी नेमके काय केले, तर प्रकल्पाचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल ओळीनेओळ वाचला. समुद्राचा प्रवाह प्रवाळापासून दूर, उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे धक्क्यासाठी उपसलेला गाळ आणि गोल्फ मैदानांवरची खते उद्यानापर्यंत पोहोचणार नाहीत, अशी त्यातली मांडणी होती. हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले की प्रवाह उलटा फिरतो, हे त्या पाण्यात रोज उतरणाऱ्यांना ठाऊक होते, आणि अभ्यासकांनी तेच शास्त्राच्या भाषेत लेखी मांडले. एवढ्या प्रकल्पाची सगळी भिस्त ज्या विधानावर होती, ते विधानच संशयास्पद ठरले. हे क्षेत्र २००५ पासून जागतिक वारसा यादीत असल्याने नोव्हेंबर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे पथक पाहणीस आले, देशोदेशींच्या लाखो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या, आणि १५ जून २०१२ रोजी अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मंजुरी रद्द झाल्याचे जाहीर केले. प्रकल्पामुळे भरून न येणारी हानी होणार नाही, हे कंपनी सिद्ध करू शकली नाही, असे कारण देण्यात आले. तीनच दिवसांनी जवळच्या लोस काबोस येथे जी-२० परिषद भरणार होती आणि प्रकल्पामागची स्पॅनिश बँक आधीच कोलमडली होती, या गोष्टीही ध्यानात घ्यायला हव्यात. केवळ गावाच्या निर्धाराने सारे घडले असे मी म्हणणार नाही. मात्र हे अनुकूल दिवस येईपर्यंत विरोध टिकून राहिला, तो गावाने अगोदर केलेल्या कामावर.

आता आपल्या गावाविषयी. कोकणातल्या पुष्कळ गावांत विरोधाची सुरुवात भूमिपूजनाची बातमी आल्यावर होते, आणि तोवर परवानग्या हाती आलेल्या असतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार इमारत-बांधकाम प्रकल्पांना सर्वसाधारणपणे जनसुनावणीतून सूट आहे, म्हणून ‘सुनावणीत बोलू’ या भरवशावर राहू नये. राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्ते नियमित पाहावीत, अहवालाची प्रत मिळवावी आणि त्यात विहिरींचे पाणी, खाडीचे मुख, कासवांची घरटी, रापणीच्या जागा यांविषयी काय लिहिले आहे ते जाणत्या मच्छीमारांना वाचून दाखवावे. चूक आढळली तर ती तारीख, ठिकाण आणि छायाचित्रासह लिहून द्यावी. कोणत्या महिन्यात कुठली मासळी किती मिळाली आणि मे महिन्यात कोणत्या विहिरीला किती पाणी राहिले, याची वही आजपासूनच ठेवावी. अशी नोंद नसेल तर गावाचे खरे असूनही कागदावर काहीच उमटत नाही. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात, आणि सबळ कारण असेल तर फार तर आणखी ६० दिवस. या मुदतीत धावपळ करावी लागू नये म्हणून वकील आधीच गाठून ठेवावा.

शिवाय एकदा मंजुरी रद्द झाली की प्रश्न मिटला असे समजू नये. काबो पुल्मोजवळ त्याच जमिनीवर २०१४ मध्ये ‘काबो दोरादो’ या नावाने बावीस हजारांहून अधिक खोल्यांचा नवा प्रस्ताव आला. या वेळी गावाकडे अभ्यास, माणसे आणि ओळखी सारे तयार होते. आक्षेप पहिल्याच टप्प्यात दाखल झाले, आणि निर्णय येण्याआधीच कंपनीने प्रस्ताव मागे घेतला.