चोरून वाचलं, आता बोलायचं कसं?

"मॅडम, पोरीच्या फोनमध्ये ते कंट्रोलवालं ॲप टाकू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पालकांना सल्ला द्यायला बसते मी, खेड्यांतले आईबाप बाजाराच्या दिवशी येतात, हातात भाजीची पिशवी असते आणि अर्धा प्रश्न दारातच विचारून होतो. पण मागच्या वर्षी सोयाबीनच्या सवंगणीत एक बाबा आले, त्यांचं उलटं होतं, ॲप टाकून दोन महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.)

पोरगी 16 वर्षांची, अकरावी सायन्स, रोज एसटीने येणं-जाणं. शेजारच्या गावात एका पोरीला कोणीतरी फोटोवरून धमकावलं, ते ऐकून यांची झोप उडाली. मोबाइल दुकानातल्या पोराने दीड हजार घेतले, धोकादायक ॲप अडवणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद केलं, कुठूनतरी आणलेलं ॲप टाकलं, आयकॉन लपवला, आणि तिचं व्हॉट्सॲप यांच्या फोनवर दिसायला लागलं.

म्हटलं, सापडलं का काही?

"पोट्ट्याचं काही नाही जी. माह्याबद्दल सापडलं."

तिनं मैत्रिणीला लिहिलं होतं की बाबांना वावरातून यायला उशीर झाला की मी झोपत नाही, फाटक वाजेपर्यंत जागीच असते. आणि नीटचा क्लास लावायचा नाही असं तिनं मनात ठरवून टाकलं होतं, घरात मात्र सांगणार होती की मलाच इंटरेस्ट नाही, कारण बँकेचं कर्ज तिला माहीत होतं.

"मले तिले सांगाचं हाय मॅडम, बेटा मी बराबर हाव, तू क्लास लाव. पन बोलू कसा? तुमाले कसं मालूम म्हनंल ते."

आता इथे मी काय सांगणार होते? प्रायव्हसीवरचं माझं भाषण तयार असतं, पण तो माणूस स्वतःच सगळं बोलून बसला होता. चोरून वाचलेलं वापरता येत नाही. पोरगी संकटात आहे असं कळलं असतं तरी ते हेच करत बसले असते, कसं बोलू, कसं बोलू. शिवाय त्या दुकानवाल्या ॲपमधून तिचे मेसेज, फोटो कोणत्या सर्व्हरवर जात होते ते ना त्यांना माहीत, ना त्या दुकानातल्या पोराला, म्हणजे फोटोच्या भीतीपायी तिचे सगळे फोटो अनोळखी माणसाच्या हवाली करून टाकलेले. हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्पच झाले.

मी म्हटलं, आधी ॲप काढा आणि काढायच्या आधी तिला सांगा. माफी मागा, कारणं नका देत बसू. त्यांना ते जड गेलं, आपल्याकडे बाप पोरीची माफी मागतो का, पण मागितली बिचाऱ्याने. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन माझ्याकडे आली, भयंकर चिडलेली, आणि तिचं चिडणं बरोबरच होतं, मी तिला तसं सांगितलंही.

मग तिघांना बसवून ठरवलं. गूगलचं फॅमिली लिंक उघडपणे, तिच्यासमोर. त्यात फोनचा वेळ ठरवता येतो, नवीन ॲपला परवानगी देता येते, लोकेशन दिसतं, पण मेसेज वाचता येत नाहीत, आणि लक्ष ठेवलं जातंय हे पोराच्या फोनवर दिसतं. लोकेशन कशासाठी, तर शेवटची एसटी चुकली तर कळावं म्हणून. धाकटा 9 वर्षांचा आहे, त्याला मात्र जरा कडक, त्याच्या वयाला ते ठीकच. लेकरू मोठं होत जाईल तशी दोरी ढिली करायची, आपण नेमकं उलटं करतो, लहानपणी यूट्यूब लावून जेवू घालतो आणि सोळाव्या वर्षी फोन हिसकावतो.

चॅट कधीच बघायचे नाहीत का, असं तिच्या आईने विचारलं. जिवाचं बरंवाईट करायचं बोलणं, कोणी पैसे किंवा फोटो मागणं, ओळख नसलेल्या माणसाकडून गिफ्ट, असं काही दिसलं तर बघा, पण सांगून बघा. आणि फोटोवरून कोणी धमकावत असेल तर पोरीवर ओरडायचं नाही, मेसेज डिलीट करायचे नाहीत, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनच्या 1930 वर किंवा चाइल्ड हेल्पलाइनच्या 1098 वर फोन लावायचा. हे दोन्ही नंबर पोरीच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजेत, बापाच्या नाही.

उठता उठता पोरीने आपली एक अट टाकली. "माझं लोकेशन तुम्हाला दिसते, मग तुमचंही मला दिसलं पाहिजे बाबा." बाबा माझ्याकडे पाहायला लागले, मी खिडकीबाहेर पाहिलं. गूगल मॅप्सवरून शेअर करून दिलं तिनेच.

क्लासचं मिटायला वेळ लागला, मामाने थोडे दिले, थोडे अजून द्यायचे आहेत.

हिवाळ्यात ते बाबा बाजारात भेटले. हरभऱ्याचं ओलित सुरू होतं, लाईन रात्रीचीच, म्हणून रात्रभर वावरात. म्हणे, "अर्ध्या अर्ध्या तासानं फोन करते मॅडम, तुमचा ठिपका हालून नाई राहिला म्हन्ते. हे बंद नाई करता येत का?"