ब्राउझरमध्ये ईमेल दिसत असताना वेगळा ईमेल प्रोग्राम कशाला ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की, एका टॅबमध्ये सगळी मेल दिसते, शोधता येते, उत्तर देता येतं. मग थंडरबर्डसारखा वेगळा प्रोग्राम कॉम्प्युटरवर कशाला हवा? मी बरीच वर्षं वेबसाठी ब्राउझर आणि मेलसाठी थंडरबर्ड असंच वापरतो आणि तुम्हालाही तेच सुचवेन. एकच कारण मला खरोखर मोलाचं वाटतं: टॅबमध्ये मेल दिसते, पण ती तुमच्याकडे नसते.

हे मला अनुभवातून कळलं. माझं एक खातं एके दिवशी अचानक अडकलं. पासवर्ड बरोबर, तरी 'संशयास्पद हालचाल' म्हणून आत घेईना. नऊ दिवस हा प्रकार चालला. नेमके त्याच आठवड्यात मला घराच्या कराराचे कागद हवे होते. ब्राउझरमध्ये लॉगिनच्या चौकटीपलीकडे काहीच नाही. थंडरबर्ड उघडलं तर लॉगिन होत नसल्याची सूचना आली, ती बंद केली, आणि मागे सगळी पत्रं जागच्या जागी होती. करार शोधला, पीडीएफ उघडली, प्रिंट काढली. ती मेल माझ्या डिस्कवर होती म्हणूनच हे जमलं.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथेच फसतात. खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवर, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या मशीनवर, ठेवून तीच इकडे दाखवण्याची पद्धत) जोडलं असेल तर तुमच्या मशीनवर असतं ते सर्व्हरवरच्या मेलचं प्रतिबिंब. तिकडे पत्र पुसलं गेलं की पुढच्या सिंकला (दोन्हीकडची मेल जुळवताना) इकडचंही जातं. त्यामुळे नुसतं आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. महत्त्वाची पत्रं मी अधूनमधून थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करतो (मूव्ह नाही, कॉपी). तिथे ठेवलेल्या पत्रांचा सर्व्हरशी संबंध उरत नाही. ती एमबॉक्स नावाच्या जुन्या, साध्या पद्धतीने साठवली जातात. फाइल कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तरी पत्राचे मथळे (कुणाकडून, कधी आलं ते) वाचता येतात. उद्या थंडरबर्ड बंद पडलं तरी दुसरे प्रोग्राम ती वाचू शकतात. सगळा प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड आपली मेल आणि सेटिंग्ज ठेवतं तो) बाहेरच्या डिस्कवर उतरवला की झालं.

ब्राउझर आणि मेलचा प्रोग्राम आधी एकत्रच होते. १९९७ च्या नेटस्केप कम्युनिकेटरमध्ये ब्राउझर, मेल, वेबपानं बनवायचं साधन असं सगळं एकाच पेटीत होतं, आणि त्यातूनच पुढे मोझिला सूट हा तसाच एकत्रित संच आला. मग २००४ मध्ये फायरफॉक्स १.० नोव्हेंबरात आणि थंडरबर्ड १.० डिसेंबरात, असे दोन वेगळे प्रोग्राम बाहेर पडले. एकत्र हवं असेल तर सीमंकी आहे, विवाल्डी ब्राउझरमध्येही मेल आहे. मला मात्र ती फारकत पटते. ब्राउझर दिवसभर अनोळखी साइट्सचा कोड चालवतो, त्यात एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) असतात, तो कधी अडकतो, कधी बंद करावा लागतो. अर्धवट लिहिलेलं पत्र त्याच्या भरवशावर का ठेवायचं?

सुरक्षेबद्दल जपून बोलतो. थंडरबर्ड पत्रातलं जावास्क्रिप्ट (पत्रात लपवलेला कोड) चालवत नाही आणि बाहेरून येणारी चित्रं तुम्ही परवानगी देईपर्यंत उतरवत नाही. काही जाहिरातीच्या पत्रांत एका पिक्सेलचं, डोळ्याला न दिसणारं चित्र असतं. ते उतरलं की पाठवणाऱ्याला कळतं की तुम्ही पत्र उघडलंत. चांगल्या वेबमेल सेवाही यावर उपाय करतात, म्हणून हा फरक मी फार मोठा मानत नाही. आणि फसव्या लिंकवर क्लिक केलंत तर ती शेवटी ब्राउझरमध्येच उघडते. तिथे कुठलाच प्रोग्राम वाचवणार नाही.

त्रास आहेत, तेही सांगतो. जीमेल जोडलंत तर लेबलं फोल्डरसारखी दिसतात, आणि एकच पत्र इनबॉक्समध्ये आणि 'ऑल मेल'मध्ये असं दोनदा जागा खाऊ शकतं. मी 'ऑल मेल'चं सिंक बंद ठेवतो. वेबपानावरच्या ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की भलताच प्रोग्राम उघडतो, ते डिफॉल्ट बदलून घ्यावं लागतं.

आणि कॉम्प्युटर घरातले किंवा ऑफिसातले चार जण एकाच लॉगिनने वापरत असतील तर हे करूच नका. पत्रं डिस्कवर उघडी पडलेली असतात, त्यांना वेगळं कुलूप नसतं. तिथे टॅबच बरा, काम झाल्यावर लॉगआउट करून.

स्वतःचं मशीन असेल तर खातं जोडा आणि जुनी मेल उतरायला रात्रभर चालू ठेवा. सकाळी नेट बंद करून चारपाच वर्षांपूर्वीचं एखादं पत्र उघडून पाहा. अटॅचमेंटसकट उघडलं तर ते तुमच्याकडे आलं.