वाचकांचे प्रश्न : मुलींच्या विश्वचषकानंतर काय?

(या वेळच्या टपालात मुलींच्या वयोगटातील आंतरराष्ट्रीय फुटबॉलविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच निवडली असून, मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.)

प्रश्न : ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मी माझ्या नातीला घेऊन नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला. स्पेन जिंकले, पण खरे सांगायचे तर सामना फारसा रंगला नाही. नात अजून विचारते, ‘आजोबा, त्यातल्या कोण मोठ्या झाल्या?’ तिला काय सांगू? आणि अशा स्पर्धेत उद्याची खेळाडू ओळखायची कशी?
— एक निवृत्त शिक्षक, कोथरूड

उत्तर : सामना रंगला नाही, ही आपली तक्रार मान्य आहे. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला आणि तेवढ्या एका गोलावर विश्वचषकाचा निकाल लागला. तरीही आपल्या नातीला सांगा की त्या संध्याकाळी तिने ज्या मुलींना पाहिले, त्यांपैकी निदान दोघींची नावे आज जगभर घेतली जातात.

पहिली लिंडा कायसेडो. कोलंबियाच्या या आघाडीच्या खेळाडूचे २०२२ हे वर्ष अचंबित करणारे होते. जुलैमध्ये ती कोलंबियाच्या मुख्य संघातून कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेतील देशांची स्पर्धा खेळली आणि त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली; ऑगस्टमध्ये कोस्टा रिकात वीस वर्षांखालील विश्वचषक खेळली; आणि ऑक्टोबरमध्ये वयाने अजून सतराचीच असल्याने भारतात येऊन आपल्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेली. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या धावपळीचा अर्थ अधिक कळतो. अठरा वर्षांखालील खेळाडूला दुसऱ्या देशातील क्लबकडे जाण्यास फिफाच्या नियमांनुसार, काही अपवाद सोडल्यास, मनाई आहे. त्यामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये तिचा अठरावा वाढदिवस झाला आणि त्याच आठवड्यात रेआल माद्रिदने तिला करारबद्ध केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी महिलांच्या विश्वचषकात सिडनीत जर्मनीविरुद्ध दोन बचावपटूंना चकवून तिने मारलेला गोल आपण पाहिला नसेल, तर नातीला दाखवायला सांगावे. मुलांना असल्या गोष्टी चटकन सापडतात.

दुसरी स्पेनची विकी लोपेझ. आपण पाहिलेल्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल तिलाच मिळाला होता. पुढे ती बार्सिलोनाच्या मुख्य संघात स्थिरावली, आणि २०२५ मध्ये तरुण खेळाडूंसाठीची कोपा ट्रॉफी प्रथमच महिलांना देण्यात आली तेव्हा तिची पहिली मानकरी लोपेझ ठरली.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो अधिक अवघड आहे. पुरस्कारांवरून भविष्य सांगता येते का? काही वेळा येते. २००८ च्या पहिल्याच स्पर्धेत जपानचा संघ उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडला, तरी गोल्डन बॉल त्यांच्या माना इवाबुचीला मिळाला, आणि तीनच वर्षांनी ती विश्वविजेत्या जपानी संघात होती. पण २०१० मध्ये दक्षिण कोरियाला विजेतेपद मिळवून देताना आठ गोल करणाऱ्या यो मिन-जीकडे पाहा. गोल्डन बॉल आणि सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट दोन्ही तिच्याकडे होते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०१५ चा विश्वचषक तिच्या हातून निसटला आणि मुख्य विश्वचषकातील तिचा गोल पाहण्यासाठी २०१९ उजाडावे लागले. याउलट २०१४ च्या अंतिम सामन्यात जपानकडून हरलेल्या स्पेनच्या संघात आयताना बोनमाती नावाची एक मुलगी होती. तिने पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ असा सलग तीन वर्षे बॅलन डी’ओर, म्हणजे जगातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, पटकावला.

म्हणून मी स्वतः अशा सामन्यांत गोल कोणी केला याकडे कमी पाहतो. चेंडू पायाशी येण्याच्या आधी कोणती मुलगी मान वळवून मागे पाहून घेते, चेंडू गमावल्यानंतर पहिल्या तीन सेकंदांत ती काय करते, आणि संघ मागे पडलेला असताना ती चेंडू मागते की लपते, हे पाहतो. या वयात वेग आणि उंची कोणाला लवकर मिळते, कोणाला उशिरा. ही सवय मात्र ज्या मुलीला असते तिला ती पुढेही राहते.

प्रश्न : वयोगटाच्या स्पर्धांत उत्तर कोरिया सारखे जिंकते, मग मोठ्यांच्या विश्वचषकात त्यांचा पत्ता का नसतो? वयाची लबाडी हेच कारण असावे, अशी आमच्या कट्ट्यावर पैज लागली आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, बिबवेवाडी

उत्तर : आकडे आपल्या कट्ट्याच्या बाजूने बोलतात हे खरे. सतरा वर्षांखालील विश्वचषक उत्तर कोरियाने २००८, २०१६, २०२४ आणि २०२५ असा चार वेळा, तर वीस वर्षांखालील २००६, २०१६ आणि २०२४ असा तीन वेळा जिंकला. २०२४ मध्ये तर सप्टेंबरात बोगोटा येथे जपानला हरवून एक आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये स्पेनला पेनल्टीवर हरवून दुसरा, असे दोन्ही चषक त्यांनी दीड महिन्याच्या आत नेले.

परंतु केवळ सतत जिंकतात म्हणून वयाची लबाडी सिद्ध होत नाही, आणि त्यापेक्षा साधे कारण डोळ्यांसमोर आहे. या मुली लहान वयात निवडल्या जातात, प्याँगयाँगमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या फुटबॉल शाळेसारख्या ठिकाणी एकत्र राहतात आणि वर्षानुवर्षे एकमेकींबरोबर खेळतात. इतर देशांच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली आपापल्या क्लबमधून येऊन स्पर्धेपुरत्या एकत्र येतात, तेव्हा त्यांच्यासमोर उभा असतो तो प्रत्यक्षात क्लबसारखा मुरलेला संघ. या वयात एकजिनसीपणाला वैयक्तिक कौशल्यापेक्षा जास्त किंमत मिळते.

वयाच्या विशीनंतर चित्र उलटते. स्पॅनिश किंवा जपानी मुलगी दर आठवड्याला जगातील उत्तम खेळाडूंविरुद्ध क्लबचे सामने खेळू लागते. उत्तर कोरियाच्या मुली देशाबाहेर फारशा पडतच नाहीत. शिवाय मोठ्यांच्या स्पर्धांतून त्यांची गैरहजेरी पुष्कळदा मैदानाबाहेरच्या कारणांनी घडली. २०११ च्या विश्वचषकात त्यांच्या पाच खेळाडू उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी आढळल्या. संघावर वीज पडली होती आणि उपचार म्हणून कस्तुरीमृगाच्या ग्रंथीपासून केलेले औषध दिले होते, असे स्पष्टीकरण त्या देशाने दिले होते. (हे आम्ही रचलेले नाही.) शिक्षा म्हणून २०१५ च्या विश्वचषकाला ते मुकले. २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता ठरवणारा आशियाई चषक २०२२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात झाला. त्याच्या पात्रता फेरीतूनच त्यांनी माघार घेतली होती. पैज मोडावी, हे उत्तम.

प्रश्न : सतरा वर्षांखालील म्हणजे सतरा पूर्ण झालेली मुलगी चालते की नाही?
— औंध

उत्तर : चालू शकते. स्पर्धेच्या वर्षातून सतरा वजा करावेत आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी पात्र समजावी. २०२२ साठी ही तारीख १ जानेवारी २००५ होती, २०२५ साठी १ जानेवारी २००८. त्यामुळे स्पर्धेच्या वर्षात सतरावा वाढदिवस साजरा केलेली मुलगी नियमानेच खेळते.

प्रश्न : भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ०–८ अशा हरल्या, तेव्हा घरात टीव्ही बंद करावा लागला. यजमानपदावर एवढा खर्च करून आपण नेमके काय मिळवले? त्याऐवजी तो पैसा मैदानांवर खर्च केला असता तर?
— एक पालक, पिंपरी

उत्तर : आपला राग रास्त आहे, मात्र तो त्या मुलींवर निघू नये. अमेरिकेपाठोपाठ मोरोक्कोने ३–० आणि ब्राझीलने ५–० असे हरवले. तीन सामन्यांत सोळा गोल झाले आणि आपल्याला एकही करता आला नाही. भारत तेथे यजमान म्हणून होता, पात्रता फेरी खेळून नव्हे, आणि तो फरक पहिल्या अर्ध्या तासातच दिसला. त्यात ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केल्याने स्पर्धाच हातची जाते की काय, अशी स्थिती दहा दिवस होती. मुळात ही स्पर्धा भारतात २०२० मध्ये व्हायची होती. करोनामुळे ती आधी पुढे गेली, नंतर रद्द झाली, आणि भारताला त्याऐवजी २०२२ चे यजमानपद मिळाले. तोवर आधीच्या तयारीतील ज्या मुलींचा जन्म २००३ किंवा २००४ चा होता, त्या वयाच्या अटीत बसेनाशा झाल्या. शून्य-आठपेक्षा मला त्यांचे दुःख मोठे वाटते.

पुणेकरांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. त्या एकवीस जणींच्या चमूत आपल्या पुण्याची काजोल डिसोझा होती. झारखंड, मणिपूर, हरियाणा यांसारख्या राज्यांतून बहुतांश संघ उभा राहतो अशा खेळात पुण्याचे नाव येणे, हे तोपर्यंत नवलाचेच होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ३ फेब्रुवारीला, महिलांच्या आशियाई चषकाचे दोन्ही उपांत्य सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत झाले होते. भारताची मोहीम मात्र संघात करोना पसरल्यामुळे एका सामन्यानंतरच संपली.

आता पैशांविषयी. मैदाने हवीतच, पण केवळ मैदानाने खेळाडू घडत नाही, सामन्यांनी घडतो. शिबिरात आठ महिने सराव केलेल्या मुलीला वर्षाकाठी मोजके चुरशीचे सामने मिळत असतील, तर दर शनिवारी लीगचा सामना खेळणाऱ्या मुलीसमोर ती पहिल्या वीस मिनिटांतच गोंधळते, कारण दबावाखाली निर्णय घेण्याची तिला सवयच नसते. आपल्याकडे शाळांसाठीचा सुब्रतो चषक १९६० पासून आहे. मुलींसाठी तो २०१२ मध्ये सुरू झाला. बावन्न वर्षांची ही दरी एका यजमानपदाने भरून निघेल, अशी अपेक्षा करणेच चुकीचे होते. महिलांची राष्ट्रीय लीगही २०१६–१७ मध्येच सुरू झाली.

तरीही त्यानंतरचे २०२५ साल पाहा. जुलैमध्ये भारताच्या मुख्य महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २–१ असे हरवून आशियाई चषकात स्थान मिळवले. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील मुलींनी यांगोनमध्ये म्यानमारला १–० असे नमवून वीस वर्षांनी आपल्या गटाच्या आशियाई स्पर्धेचे दार उघडले. ऑक्टोबरमध्ये बिश्केक येथे सतरा वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानविरुद्ध मागे पडूनही २–१ असा विजय मिळवला. तिन्ही संघ यजमान म्हणून नव्हे, तर पात्रता फेरी खेळून पुढे गेले. याचे श्रेय २०२२ च्या यजमानपदाला किती आणि नंतर वाढलेल्या सामन्यांना किती, याचा हिशोब कोणी मांडू नये. मी मात्र झुकते माप सामन्यांना देईन.

प्रश्न : माझी मुलगी मार्च २०१२ मध्ये जन्मलेली आहे. सोसायटीतील मुलांबरोबर खेळता खेळता तिला फुटबॉलचे वेड लागले आणि आता ती अकादमीत जाते, पण तिच्या गटात ती एकटीच मुलगी आहे. सासूबाई म्हणतात, गुडघे जातील. प्रशिक्षक म्हणतात, मुलांबरोबरच खेळू द्या. ती म्हणते, मला विश्वचषक खेळायचा आहे. मी कोणाचे ऐकावे?
— एक आई, हडपसर

उत्तर : थोडे थोडे तिघांचेही.

सासूबाईंची काळजी उगाच नाही. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका वयात येणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, हे वैद्यकीयदृष्ट्या मान्य आहे. पण त्यावर खेळ बंद करणे हा उपाय नाही. ‘फिफा ११ प्लस’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा सरावपूर्व व्यायामक्रम आहे. त्यात धावणे, मांड्यांची व पोटाची ताकद, एका पायावरचा तोल आणि उडी मारून गुडघा आत न वळवता जमिनीवर येणे, असे पंधरा व्यायाम तीन भागांत घेतले जातात. आठवड्यातून दोन-तीनदा तो नियमाने केल्यास दुखापती कमी होतात. तो अकादमीत घेतला जातो का, हे प्रशिक्षकांना विचारा. ‘आम्ही दोन फेऱ्या पळवतो’ असे उत्तर मिळाले, तर पुन्हा विचारा.

प्रशिक्षकांचे म्हणणेही सध्यापुरते बरोबर आहे. मुलांच्या वेगाशी जुळवून घेताना निर्णय लवकर घ्यावे लागतात. फक्त त्यासोबत तिला मुलींचे सामनेही मिळायला हवेत, कारण निवड चाचणी मुलींमधून होते आणि तेथे ती अनोळखी असून चालणार नाही. तिच्या शाळेत मुलींचा संघ नसेल, तर क्रीडाशिक्षकांना भेटून अकरा मुली जमतात का ते पाहा. सुब्रतो चषकासारख्या स्पर्धेत प्रवेश शाळेच्या नावानेच होतो. बास्केटबॉल किंवा हँडबॉल खेळणाऱ्या मुली या कामी चटकन तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

आणि मुलीचे म्हणणे. सतरा वर्षांखालील विश्वचषक पूर्वी दोन वर्षांतून एकदा व्हायचा, त्यामुळे ‘चुकीच्या’ वर्षी जन्मलेल्या मुलीला आपल्याहून वर्षाने मोठ्या मुलींशी झुंजण्याची एकच संधी असे. २०२५ पासून तो दरवर्षी होतो, चोवीस संघ खेळतात, आणि २०२९ पर्यंतच्या पाचही स्पर्धा मोरोक्कोत आहेत. मार्च २०१२ चा जन्म म्हणजे २०२९ च्या स्पर्धेतही ती वयात बसते, तेही गटातील सर्वांत मोठ्या मुलींपैकी एक म्हणून. तिच्या खोलीच्या भिंतीवर ते साल लिहून ठेवायला हरकत नाही. क्रीडाशिक्षकांची भेट मात्र याच सोमवारी घ्या.