आईच्या रानभाज्यांच्या ब्लॉगसाठी फुकटातला कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई रायगड जिल्ह्यात राहतात, रानभाज्या आणि परसबाग यांवर फेसबुकवर लिहितात, आता त्यांना स्वतःचा मराठी ब्लॉग हवा आहे. सुरुवातीला खर्च करायचा नाही, लिखाण बहुतेक मोबाइलवरून होणार, फोटो भरपूर, काही जुने लेख श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले, आणि जमलं तर पुढेमागे जाहिरातींतून थोडंफार मिळावं. ब्लॉगर, वर्डप्रेस, मीडियम, सबस्टॅक यांतलं काय निवडावं?

माझ्या मते ब्लॉगर घ्या. आईंचं लेखन नियमित होऊ लागलं की स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, विकत घेऊन त्याच ब्लॉगला जोडा. मी मराठीतच ब्लॉग लिहितो आणि नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांना ब्लॉग सुरू करून दिले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो.

जागा निवडताना बहुतेकजण थीम (ब्लॉगच्या रूपाचे तयार साचे) किती देखण्या आहेत ते बघतात. मी सर्वांत आधी हे बघतो की उद्या तिथून निघायची वेळ आली तर सगळं लेखन आणि पत्ता घेऊन निघता येईल का. ही भीती पोकळ नाही. जिओसिटीज ही फुकट वेबसाइट देणारी सेवा २००९ मध्ये बंद झाली. पोस्टरस ही तेव्हाची अतिशय सोपी ब्लॉगसेवा ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतली आणि ३० एप्रिल २०१३ ला बंद केली. टाइपपॅड या ब्लॉगसेवेला तर लोक दरमहा पैसे भरत होते, तरी ३० सप्टेंबर २०२५ ला तेही बंद झालं. म्हणजे पैसे मोजल्याने जागा कायमची होते असंही नाही.

ब्लॉगर १९९९ पासून चालू आहे आणि २००३ पासून गुगलकडे आहे. गुगलनेही रीडर आणि गुगल प्लस या आपल्या सेवा बंद केल्याच आहेत, त्यामुळे ब्लॉगर कधीच बंद होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण इथून निघायची वाट उघडी आहे. सेटिंग्जमध्ये बॅकअप घेतला की सगळे लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरतात, आणि वर्डप्रेस ती फाइल आत घेऊ शकतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंच्या फक्त लिंका असतात. रानभाजी ओळखायला पान, देठ, फूल सगळं दिसावं लागतं, म्हणजे तुमच्या बाबतीत फोटो हे अर्धं लेखन आहे. मूळ फोटो संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर भाजीच्या नावाचे फोल्डर करून ठेवा. बॅकअप दर दोन-तीन महिन्यांनी घ्या.

डोमेन म्हणजे तुमच्या नावावरचा टपालपत्ता, खोली बदलली तरी तोच राहतो. ब्लॉगरवर डोमेन जोडायला वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त डोमेनचे वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास जातात. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर विचारून घ्या. डोमेन आईंच्या किंवा तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर नोंदवा, 'आम्ही करून देतो' म्हणणाऱ्याच्या नावावर नको. आज ब्लॉगरकडून मिळणाऱ्या फुकटच्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर सुरू करून नंतर डोमेन जोडलं तरी जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचतो. म्हणून आत्ता खर्च न करता सुरुवात करण्यात काही धोका नाही. ब्लॉगस्पॉटचाच पत्ता मध्येच बदलला तर मात्र जुन्या लिंका तुटतात, तेव्हा नाव आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्यांदाच नीट ठरवा. 'रान' लिहिताना ए एक की दोन, यावर घरात एकदा चर्चा होऊनच जाऊ द्या. फोनवर सांगितलं तर समोरच्याला न चुकता टाइप करता येईल असं नाव घ्या.

आता वर्डप्रेस. या नावाच्या दोन गोष्टी आहेत आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. एक म्हणजे २००३ पासूनचं मोफत सॉफ्टवेअर. ते उत्तम आहे, पण त्यासाठी होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायला सर्व्हरवरची जागा, विकत घ्यावं लागतं, अपडेट करत राहावं लागतं, सुरक्षिततेकडे लक्ष द्यावं लागतं. दुसरी म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा. तिचा फुकट प्लॅन आहे, पण त्यात तुमच्या लेखांवर त्यांच्या जाहिराती येतात, स्वतःचं डोमेन जोडायला सशुल्क प्लॅन लागतो, प्लगइन (जादा सोयींची जोड-सॉफ्टवेअरं) मिळत नाहीत आणि साठवण १ जीबी असते. मोबाइलवरचा एक फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. न लहान करता चढवत गेलात तर दोन-अडीचशे फोटोंत, म्हणजे एकदोन पावसाळ्यांतच, जागा संपेल. संपादक, थीम, प्रतिक्रियांची व्यवस्था या बाबतींत वर्डप्रेस ब्लॉगरपेक्षा सरस आहे, हे मान्य. पुढे घरात कोणी तांत्रिक बाजू सांभाळणारं असेल तर तिकडे जरूर जा. आज नको.

मीडियमवर वाचक प्रामुख्याने इंग्रजी आहे. मराठी लेख तिथे एकटा पडतो, आणि लॉग-इन करण्याच्या सूचना मध्ये आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला वाचक परत फिरतो. सबस्टॅकची गोष्ट वेगळी. तिथे लेख थेट ईमेलने जातो आणि वाचकांच्या ईमेलची यादी तुमची राहते, कधीही उतरवून घेता येते. अमेरिका-युरोपातल्या मराठी वाचकांसाठी मी ते सुचवेन, ते ईमेल उघडून वाचतात. पण आईंचा वाचक महाड, पेण, ठाणे, पुण्यात आहे आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ब्लॉगरची खरी उणीव इथेच आहे. लेख ईमेलने पाठवायची त्याची जुनी सोय गुगलच्याच फीडबर्नर सेवेकडून होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. त्यावर उपाय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी करा. ज्यांनी आईंचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो आणि एका यादीत २५६ जण बसतात. सुरुवातीला तेवढे पुरे.

आता मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवी अशी एक बाब सांगतो. देवनागरी शीर्षक दिलं की ब्लॉगर त्याची लिंक बनवू शकत नाही आणि नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' असं काहीतरी टाकून पुढे आकडे लावत जातो. शंभर लेख झाले की शंभर लिंका एकसारख्या दिसतात. वर्डप्रेस याच्या उलट करतं, ते देवनागरी शब्दच लिंकमध्ये घेतं. पण ती लिंक कॉपी करून पाठवली की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा टक्के चिन्हांच्या नऊ-नऊ अक्षरांत उलगडते. 'रानभाज्या' या एका शब्दाची ८१ अक्षरं होतात! व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लिंक आली की लोकांना ती फसवणुकीची वाटते. उपाय दोन्हीकडे एकच: शीर्षक मराठीतच ठेवा, लिंक मात्र स्वतः इंग्रजी अक्षरांत द्या. ब्लॉगरमध्ये लेख प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (म्हणजे लेखाच्या लिंकच्या रकान्यात) 'सानुकूल' निवडून भाजीचं नाव लिहायचं, बस. प्रकाशित झाल्यावर बदलायला लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो आणि तोवर पाठवलेल्या लिंका तुटतात. आईंना ही एक सवय लावून द्या.

त्याच बैठकीत भाषा मराठी आणि वेळ भारताची करून टाका. अमेरिकेची वेळ राहिली तर सकाळी टाकलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख येते.

अक्षरांकडेही लक्ष द्या. तयार थीम रोमन अक्षरं डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात. ओळी इतक्या जवळ येतात की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात, आणि साठीच्या पुढचा वाचक दोन परिच्छेदांत थकतो. ब्लॉगरमध्ये थीमचा सगळा कोड फुकटात बदलता येतो. ओळींतलं अंतर १.७ च्या आसपास, अक्षर किमान १८ पिक्सेल, आणि गुगल फॉन्टवरचा मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी. मुक्ता मुंबईच्या एक टाइप या गटाने केलाय, तो मोबाइलवर अतिशय स्वच्छ दिसतो. टिरोत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, लांब लेखाला तो मला जास्त आवडतो. काम चार ओळींचं आहे, जाणकार माणूस बसल्या बसल्या करून देईल.

फेसबुक आहेच, मग ब्लॉग कशाला, असं आई म्हणतील. त्यांना शेवळांचं उदाहरण द्या. शेवळं पावसाच्या तोंडावर येतात. बाजारात जुड्या दिसल्या की लोकांना आठवतं की ती खाजरी असतात, सोबत काकडं (काकड झाडाची फळं) घालावी लागतात, आणि मग ते गुगलवर कृती शोधायला लागतात. आईंनी एकदा नीट फोटोंसकट लिहिलेला लेख ब्लॉगवर असेल तर तो दर जूनमध्ये पुन्हा पुन्हा वाचला जाईल. भारंगी, टाकळा, कुर्डू, कवला, प्रत्येकीचा आपापला आठवडा आहे आणि दर वर्षी तो येतो. फेसबुकवरचा लेख दोन दिवस चालतो आणि खाली जातो. तीन वर्षांपूर्वीचा लेख त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर शोधायला सांगा, किती खाली सरकत जावं लागतं ते दिसेल.

याहून मोठं कारण मला वेगळंच वाटतं. मराठीत चांगलं लिहिलेलं काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की नाव गळतं. खाली 'लेखक अज्ञात' किंवा नुसतं 'साभार' राहतं, आणि काही महिन्यांनी तेच लेखन दुसऱ्या कोणाच्या नावाने आपल्याच गटात येतं. ज्या बाईने आयुष्यभर रानात हिंडून हे ज्ञान जमवलं तिचं नाव त्यावर असायलाच हवं. तारखेसह, नावासह, स्वतःच्या पत्त्यावर प्रसिद्ध झालेला लेख असेल तर 'हे मूळ माझं' असं दाखवता येतं. म्हणून आधी ब्लॉगवर टाका, मग फेसबुकवर पहिले दोन परिच्छेद आणि लिंक द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरही अख्खा लेख चिकटवू नका. फोटोंवर कोपऱ्यात नाव घाला.

जाहिरातींचं: अ‍ॅडसेन्स ही गुगलची जाहिरातसेवा, ती मराठी ब्लॉगला चालते आणि ब्लॉगरवर ती लावता येते. पण १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत आणि मराठी वाचकसंख्येवर तिथपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. पहिलं वर्ष तो विषयच काढू नका. आईंना रोपं, बिया किंवा एखादी वनभ्रमंती यातून काही मिळवायचं असेल तर ब्लॉगवर त्याची नोंद ठेवा, त्यातून जास्त हाती लागेल.

ब्लॉग आईंच्या गुगल खात्यावर उघडा, पण परवानग्यांमध्ये जाऊन स्वतःलाही अ‍ॅडमिन करून ठेवा. पासवर्ड विसरला, फोन हरवला, तर दुसरं माणूस आत जाऊ शकलं पाहिजे. दोन वर्षं न वापरलेली खाती गुगल काढून टाकू शकतं, हेही ध्यानात असू द्या. लिहिणारी व्यक्ती गेल्यावर सुंदर ब्लॉग कुलूपबंद पडलेले मी पाहिले आहेत. घरच्यांना ते उघडताही येत नाहीत आणि त्यावरच्या प्रतिक्रियांना उत्तरही देता येत नाही.

राहिले श्रीलिपीतले लेख. ते युनिकोड (नेटवर सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नाहीत, तसेच चिकटवले तर वाचकाला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. नेटवर श्रीलिपीचं युनिकोड करून देणारे मोफत कन्व्हर्टर मिळतात. श्रीलिपीच्या वेगवेगळ्या फॉन्टची रचना वेगळी असते, तेव्हा मूळ फाइलमध्ये कोणता फॉन्ट आहे ते बघून तोच निवडा. बदल झाल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला र आधी तपासा, गडबड बहुधा तिथेच होते. तपासलेला मजकूर एकदा नोटपॅडमध्ये टाकून मग ब्लॉगरमध्ये आणा, म्हणजे वर्डचं नको ते फॉरमॅटिंग सोबत येणार नाही. रूपांतर करताना फॉन्टचं नाव कळत नसेल तर प्रतिसादात फाइलमधल्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट टाका, मी बघून सांगतो.