एकादशी, साखर आणि डॉक्टरांपासून लपवलेला उपास

आषाढी जवळ आली की उपास आणि औषधांविषयी पत्रं वाढतात. यंदा त्यांत एका डॉक्टरांचं आणि एका परिचारिकेचंही पत्र आहे.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, माळकरी. डायबेटिसला बारा वर्षं झाली. सकाळी नाश्त्याआधी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, रात्री नुसतं मेटफॉर्मिन. महिन्याच्या दोन्ही एकादश्या करतात, ज्येष्ठातली निर्जलाही. डॉक्टरांनी "उपास बंद" म्हणून सांगितलं. बाबा उपास करतातच, फक्त आता तिथे बोलत नाहीत. काय करावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : त्या दोन शब्दांनी झालं एवढंच, की बाबांची गोळी कोणत्या दिवशी रिकाम्या पोटी जाते हे डॉक्टरांना कळेनासं झालं. घोटाळा आहे ग्लिमेपिराइडचा. पोटात अन्न असो-नसो, ते इन्सुलिन बाहेर काढायला लावतं. आठला गोळी घेतली आणि बारापर्यंत चहावरच राहिले, की साखर घसरते. घाम, थरथर, बरळणं सुरू होतं, आणि घरच्यांना वाटतं उपासाने थकले. उतारवयात किडनी मंदावलेली असेल तर हा असर लांबतो. मग दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यामुळे संध्याकाळी साखर वर. द्वादशीचं पारणं गोडाधोडाचं असेल तर तिसरा धक्का.

नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. पण एकत्र गोळीतला ग्लिमेपिराइडचा भाग घरी वेगळा काढता येत नाही, अर्धी केली तर दोन्ही औषधं अर्धी होतात. म्हणून आषाढीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा आणि एकादशीसाठी वेगळी चिठ्ठी मागा : त्या दिवशी कोणती गोळी, किती, कशाबरोबर. मनाने गोळी बुडवू नका. इन्सुलिन चालू असेल तर डोसही तेच ठरवतील.

त्या दिवशी सकाळी, दुपारी, चार-पाचच्या सुमारास आणि झोपताना ग्लुकोमीटरवर साखर पाहा. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने उपास मोडत नाही, हे बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर नेमके तिथेच अडतील. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, की उपास तिथेच सोडायचा. कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. फराळाला खिचडीऐवजी वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक बरं. भगरीतही स्टार्च आहेच, तेव्हा वाटी ती वाटीच ठेवा. भगरीचं सुटं पीठ टाळा. जुन्या, दमट पिठाला बुरशी लागते आणि त्यातून विषबाधा होते.

निर्जलेचा प्रश्न वेगळा. ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, किंवा डापाग्लिफ्लोझिन हे डायबेटिसचं औषध चालू असेल, तर पाण्याविना राहणं धोक्याचं. डापाग्लिफ्लोझिनवर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं : मळमळ, पोटदुखी, धाप. हे औषध असताना निर्जला करू नये, असंच आमचं मत.

आणि बाबांशी बोलताना शास्त्राचा आधार हवाच असेल तर तो महाभारतात आहे. उद्योगपर्वातल्या विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली पाणी, शेवटची औषध. मात्र हा श्लोक डॉक्टरांच्या तोंडून फारसा लागू पडत नाही. फडावरच्या एखाद्या जाणत्या महाराजांनी सांगितला तर बाबा ऐकतील.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. पेशंटला पाच मिनिटं मिळतात. धर्माचा विषय काढावा का, आणि कसा? (एक डॉक्टर, सोलापूर जिल्हा)

उत्तर : औषधांची माहिती घेता तिथेच दोन प्रश्न जोडा. "उपास कुठले करता, पाणी चालतं का?" आणि "औषधात काही वर्ज्य आहे का?" आजार मोठा असेल तर तिसरा : "अवघड वेळी आधार कशाचा वाटतो?" अमेरिकेत डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये याच कामासाठी 'फायका' नावाची प्रश्नावली बांधली : श्रद्धा कोणती, तिचं महत्त्व किती, सोबत कुणाची, आणि उपचारात त्याचं काय करायचं. आपल्याकडे चौथा प्रश्नच बहुधा राहून जातो. उत्तर केसपेपरवर लिहा : "एकादशी, पाणी चालतं", "रोजे, महिनाभर".

आडनावावरून ताडू नका. कॅप्सूलचं कवच बहुधा जनावरांच्या हाडा-कातडीतल्या जिलेटिनचं असतं, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून येतं. हे कुणाला चालतं ते विचारल्याशिवाय कळत नाही. पेशंट कॅप्सूल फोडून पावडर घेत असेल तर तेही विचारा. अ‍ॅसिडिटीवरच्या ओमेप्राझोलचे दाणे चुरडले की जठरातल्या आम्लात औषध वाया जातं.

"मागच्या जन्मीचं पाप" असं कुणी म्हणालं तर खोडू नका, दुजोराही देऊ नका. "असं कधीपासून वाटतंय?" एवढं विचारून थांबा. झोप, भूक उडालेली असेल तर जगणं नकोसं होतं का, हेही सरळ विचारा.

प्रश्न : आयसीयूत नातेवाईक गंगाजल, तुळस, अंगारा आणतात. नाही म्हटलं की भांडण होतं. (एक परिचारिका, नाशिक)

उत्तर : नाही म्हणताना काय चालेल तेही त्याच वाक्यात सांगा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. तुळशीचं पानही घशात अडकतं. ओल्या बोळ्याने ओठ टिपू द्या. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर तेही उकळलेल्या पाण्याने. अंगारा कपाळाला बोटभर, पण नळी, जखम आणि डोळ्यांपासून लांब. ऑक्सिजन चालू असताना दिवा-उदबत्ती अजिबात नाही, बॅटरीचा दिवा चालेल. सलाइनच्या हाताला सूज येते आणि गंडा रुततो. नातेवाइकांना सांगून तो दुसऱ्या मनगटाला किंवा पलंगाला बांधा. धातूचा ताईत एमआरआयआधी उतरवायचाच. तो नातेवाइकांच्या हातात द्या, ट्रेमध्ये टाकू नका. हरिपाठ किंवा कुराणपठण मंद आवाजात लावायला हरकत नाही.

शेवटचे तास असतील आणि उपचार केवळ आरामापुरते उरले असतील, तर डॉक्टरांना विचारून गंगाजलाचे दोन थेंब ओठांवर सोडू द्यावेत.

प्रश्न : आमचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला त्यांच्या गुरूंच्या सत्संगाला बोलावतात. नकार द्यायला संकोच वाटतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : संकोच वाटतो तो उपचार त्यांच्या हाती आहेत म्हणून, आणि नेमकं म्हणूनच त्यांनी बोलावू नये. "माझं देवधर्माचं घरी चालू आहे, आपण रिपोर्ट पाहूया" एवढं म्हणा. पुन्हा विषय निघाला तर डॉक्टर बदला, आणि जाताना फाइलची प्रत मागून घ्या.