होडीची मशीन कधी एका झटक्यात सुरू होते, कधी अजिबात होत नाही. दोष शोधायचा कसा?

तुमची मशीन ९.९ एचपीची, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू करायची. सकाळी दुसऱ्या झटक्याला सुरू होते. जाळं ओढून परत निघताना मात्र कधी होते, कधी वीस वेळा ओढूनही होत नाही. मेकॅनिककडे नेली की लगेच सुरू. प्लग बदलून झाले, कार्ब्युरेटर साफ करून झाला.

माझी होडी मालवणजवळ देवबागला असते. याच दुखण्याने मला एक अख्खा हंगाम छळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आता आणखी एकही पार्ट बदलू नका. येणारा-जाणारा दोष मशीन अडून बसलेली असतानाच सापडतो, चालू मशीन खोलून काही हाती लागत नाही. प्लगपाना होडीतच ठेवा. पुढच्या वेळी चार झटक्यांत सुरू झाली नाही, तर आधी नांगर टाका आणि दोन्ही प्लग काढून बघा. ओले आहेत की कोरडे? अर्धा शोध इथेच लागतो.

कोरडे असतील तर पेट्रोल पोचत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते बघा. तो बंद राहिला की मशीन थोडा वेळ नीट चालते, मग टाकीत हवा न शिरल्याने पेट्रोल येणं थांबतं. झाकण सैल करताना ‘फुस्स’ आवाज आला तर समजा हेच कारण. मग पाइपातला रबरी फुगा दाबा. तो चार-सहा दाबांत कडक व्हायला हवा. मऊच राहिला तर फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय किंवा पाइपाच्या जोडावर हवा ओढली जातेय. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना टाकीत तेच पेट्रोल राहिलं, तर पाणी तळाशी बसतं, आणि टाकीतली नळीही तळाचंच ओढते. बाटलीत दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा.

ओले असतील तर एक तर पेट्रोल जास्त झालंय, नाही तर करंट येत नाही. चोक म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, गरम मशीनला तो लावायचा नसतो. सकाळची सवय म्हणून आपण दुपारीही चोक ओढतो आणि प्लग भिजतात. तसं झालं असेल तर चोक आत ढकला, प्लग पुसून बसवा, थ्रॉटल अर्धा उघडा आणि मग ओढा.

चोक न लावताही प्लग ओलेच निघत असतील, तर संशय करंटवर. प्लग आणि कॅप यांच्या मध्ये लावायचा छोटा टेस्टर मिळतो, दोरी ओढली की त्यातला दिवा लुकलुकतो. तोच वापरा. प्लग उघडा धरून ठिणगी बघण्याचा प्रकार होडीत करू नका. शेजारी टाकी असते, पेट्रोलची वाफ असते.

माझ्या मशीनचा दिवा बंद राहिला तेव्हा सगळ्यांनी कॉइलकडे, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या भागाकडे, बोट दाखवलं. संशय चुकीचा नव्हता, गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल असतेच. मी कॉइल बदलली, आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. खरा दोष होता मशीन बंद करण्याच्या स्विचमध्ये, जिथे आपण मनगटाच्या लाल दोरीची क्लिप अडकवतो. या मशीनमध्ये तो स्विच करंट थेट बॉडीला उतरवून मशीन बंद करतो. माझ्या स्विचच्या मागच्या वायरीवर हिरवा गंज चढला होता. जाळं ओढताना खारं पाणी उडायचं, वायर भिजायची आणि करंट स्विच न दाबताच बॉडीला उतरायचा. घरी येईपर्यंत वायर सुकलेली, म्हणून मेकॅनिकसमोर मशीन सुरू.

हे तपासायचं तर किनाऱ्याला लागून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि मशीनचा पाय पाण्यात ठेवून तपासा. त्या स्विचवर खारं पाणी शिंपडा आणि मशीन सुरू करा. झाली नाही तर स्विचची वायर मशीनच्या बाजूने सोडवून पुन्हा ओढा. आता झाली तर दोष सापडला. मात्र वायर सुटलेली असताना बटणाने मशीन बंद होणार नाही, चोक पूर्ण ओढून बंद करावी लागेल. आणि अशी सुटी वायर ठेवून समुद्रात कधीही जाऊ नका. माणूस पाण्यात पडला तर मशीन थांबवणारी ती एकच दोरी असते. मी नवीन स्विच बसवला, जोडांवर ग्रीस भरून रबरी टोपी चढवली. तेव्हापासून दुपारी मशीन अडलेली नाही.

दोष सापडेपर्यंत वल्ही आणि पुरेशा दोराचा नांगर असल्याशिवाय खाडीच्या मुखाकडे जाऊ नका. आमच्या कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला मशीन अडली, तेव्हा नांगर धरला म्हणूनच माझी होडी फुटणाऱ्या लाटांत गेली नाही.

पुढच्या वेळी अडली की प्लग ओले होते की कोरडे तेवढं इथे कळवा. चोक लावला होता का, तेही लिहा.